बाप्या फूल

ह्या पावसाळ्यात टेरेसवर कोहळ्याचे दोन वेल लावले होते, दोन मोठ्या ग्रो बॅगमधे. पुण्यामुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला आम्ही नागपूरचे लोक कोहळं म्हणतो, हे आधीच सांगून ठेवते. बिया मोठ्याईनं गावाहून आणल्या होत्या, पदराच्या टोकाला बांधून. मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. वय 78. मोठे बाबा गेले तेव्हापासून ती वर्षातले चारपाच महिने आमच्याकडे मनीषनगरला असते आणि बाकीचे काटोलकडे गावी, कारण तिथली सांदवाडी, म्हणजे घराची परसबाग, तिच्याशिवाय कोण बघणार असं तिचं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे.

जुलै संपता संपता वेल फुलांनी भरले. रोज सकाळी सातआठ पिवळी धम्मक फुलं, हाताच्या पंजाएवढी, आणि दुपारपर्यंत सगळी मिटून लोळागोळा. दहाबारा दिवस हेच चाललं, फळ एकही नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू पाण्याची टाकी बघायला वर आल्या होत्या, त्यांनी वेल बघितला आणि अगदी मनापासून सल्ला दिला, की अहो ही सगळी वांझ फुलं आहेत, तोडून टाका, उगाच वेलाचा जोर खातात.

मोठ्याई तिथेच खुर्चीवर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. ती काहीच बोलली नाही, भाजी निवडत राहिली. पण मी मात्र दिवसभर त्या एका शब्दाशी अडकून पडले.

कारण तो शब्द तिचा होता. म्हणजे लोकांनी तिला दिलेला. माझ्या बहिणीच्या बारशाला तिला पाळण्याला हात लावू दिला नव्हता, ती गोष्ट घरात अजून निघते, आणि निघते तीसुद्धा कशी तर 'तेव्हा लोक असे होते' ह्या सुरात, जणू ते लोक कोणी बाहेरचे होते. ते लोक आम्हीच होतो, माझी आजी होती, माझ्या आत्या होत्या. कोणाची ओटी भरायची असली की मोठ्याई स्वयंपाकघरात. पुरणाचं, वड्याचं, पंगतीचं सगळं तिच्या हातचं, आणि पाटाजवळ मात्र ती नको.

आणि मी बारावीला बायोलॉजी शिकवते, वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. बोर्डाच्या पुस्तकात पहिलाच चॅप्टर वनस्पतींच्या प्रजननाचा आहे. इतकी वर्षं फळ्यावर फुलाचा उभा छेद काढते, आणि घरात वेलावरच्या फुलाला वांझ म्हटलं तर तिथल्या तिथे तोंड उघडून नाही म्हणाले नाही, ह्याचं मला वाईट वाटलं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

त्या फुलांमधे कमी काहीच नसतं. ती नर फुलं असतात, बस. कोहळं, दोडकं, लौकी, कारलं, ढेमसं, ह्या सगळ्या कुळाची बहुतेक तीच रीत आहे, एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. ओळखायला काही लागत नाही. नर फूल लांब सडपातळ देठावर सरळ उभं असतं आणि आत मधोमध एक पिवळी दांडी, बोट लावलं की बोटाला पिवळी पूड. मादी फुलाचा देठ आखूड आणि फुलाच्या खालीच, फूल उमलायच्या आधीपासून, बोराएवढं कोहळं तयार असतं. ते म्हणजे अंडाशय. आत सगळी बीजांडं, म्हणजे पुढे बिया होणारी, वाट बघत असतात. परागकण मिळाले तर ते फुगणार, नाही मिळाले तर चारपाच दिवसात पिवळं पडून गळणार. आणि वेल आधी काही दिवस नुसती नर फुलं देतो, मादी मागून येते, आणि पूर्ण हंगामात नर फुलं मादीच्या कितीतरी पट जास्त असतात. म्हणजे वेलावर कधीही बघा, ज्या फुलाला फळ धरत नाही ते बहुतेक वेळा नर असतं.

आता मला सांगा, ह्या नर फुलाला आपण बाईचा शब्द का दिला? फळ नाही ना, मग वांझ. कोणाला फळ धरत नाही हे बघायचीही गरज वाटली नाही, शब्द तयारच होता, चिकटवून टाकला.

हे फक्त आपलंच आहे असंही नाही. झाडांना नर-मादी असतं हे युरोपातल्या शिकलेल्या लोकांनाही फार उशिरा पटलं. जर्मनीत ट्युबिंगेनला रुडॉल्फ कामेरारियस नावाचा डॉक्टर-प्राध्यापक होता, त्यानं 1694 साली एका सहकाऱ्याला लांबलचक पत्र लिहिलं, झाडांच्या लिंगाबद्दल. त्यातले प्रयोग इतके साधे आहेत की आपल्या धुऱ्यावर कोणीही करू शकेल, कारण त्यातलं एक झाड आपलं एरंडीचंच. एरंडीचा तुरा बघितला असेल तर वरच्या बाजूला लाल केसांसारख्या टोकांची मादी फुलं असतात आणि खाली पिवळट नर फुलांचे गुच्छ. कामेरारियसनं काय केलं, खालची नर फुलं उमलायच्या आधीच काढून टाकली आणि वाट बघितली. वर बोंडं धरल्यासारखी दिसली पण आत दाणा भरलाच नाही, नुसती रिकामी टरफलं, ती वाळून गळून गेली. एवढंच. मादीला काही केलं नाही, नराला बाजूला काढलं आणि काय होतं ते बघितलं.

मी हे वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मला त्या प्रयोगाचं कौतुक वाटतं, कारण फळ धरलं नाही तर नराकडेही बघावं हे त्या माणसाला 1694 मधे सुचलं.

तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहिलं मादी फूल आलं आणि गळलं. दुसरंही गळलं. आमचा टेरेस चौथ्या मजल्यावर, आजूबाजूला नुसत्या बिल्डिंगा, त्यात पावसाची झड, मधमाशी कुठून येणार. गावाला हा प्रश्नच नसतो, सकाळी सांदवाडीत नुसतं गुणगुण चालू असतं. इथे ते काम मलाच करावं लागणार होतं. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत कायमचं मिटतं, मादीला तेवढीच एक सकाळ. म्हणून तिसऱ्या फुलाच्या दिवशी मी सहालाच वर गेले. नर फूल देठासकट तोडलं, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या, आतली पिवळी दांडी मोकळी केली आणि मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर हलकेच फिरवली. कोहळ्याचा परागकण इतका मोठा असतो की चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी रव्यासारखा दिसतो, आणि चिकट, वाऱ्यानं उडायचा नाही, कोणीतरी अंगाखांद्यावर न्यावाच लागतो.

मागून मोठ्याई आली, गुडघे धरत धरत जिना चढून.

"काय करून राहिली व एवढ्या सकाळी? अन ते फूल काहून ओरबाडलं?"

मी सांगितलं. हे नर आहे, ह्याची पूड तिकडे लागली की मग ते कोहळं मोठं होईल, नाही लागली तर गळेल.

तिनं माझ्या हातातली ती उघडी दांडी घेतली, अंगठ्यानं पूड चोळून बघितली. "म्हंजे हे वांझ नाही."

"नाही."

"बाप्या फूल हाय हे."

आणि मग थोड्या वेळानं, वेलाकडे बघत, माझ्याकडे न बघता, "धंतोलीत गेलतो आमी डॉक्टरकडे. माह्या साऱ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणे बाईमधी काही दोष दिसत नाही, आता मालकाले घेऊन या. दोघायले बोलावलं होतं. हे नाही आले. म्हणे मले काय झालं."

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तिच्या मांडीवर वाढले आणि मला हे माहीत नव्हतं. ताजबागला चादर, कोराडीच्या देवीला नवस, कुठल्या कुठल्या उपासतापासाची यादी मी लहानपणापासून ऐकलेली आहे, ती सगळ्यांना पाठ आहे, पण डॉक्टरनं दोघांना बोलावलं होतं ही गोष्ट घरात एकदाही निघाली नव्हती. मोठे बाबा चांगले होते, मी त्यांच्या खांद्यावर बसून पोळा बघितलाय. दोष त्यांच्यात होता का हे मला माहीत नाही आणि मी तसं म्हणत पण नाही, कोणालाच माहीत नाही, कारण बघितलंच नाही. तपासणी अर्धी झाली आणि निकाल मात्र पूर्ण लागला, आणि तो एकटीनं भोगला.

मी काय बोलणार होते. तिनं दुसरं नर फूल दाखवलं, दुसऱ्या वेलावरचं. "हे बी लाव."

लावलं. जास्त पराग लागलेला चांगलाच, कारण हिशोब एका फुलाला एक असा नसतोच, एका बीला एक परागकण असा असतो. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे भुट्टा. फुटाळा तलावावर पावसात उभं राहून आपण भुट्टा खातो ना, त्याचे ते रेशमासारखे केस आपण ओढून फेकून देतो, तो प्रत्येक केस एका एका दाण्याचा असतो. केसाच्या बाहेरच्या टोकावर परागकण पडतो, तिथे तो रुजतो, त्यातून एक बारीक नळी निघते आणि ती केसाच्या आतून पूर्ण लांबी चालत त्या एका दाण्यापर्यंत जाते. भुट्ट्यात मधेच दात पडल्यासारखी रिकामी जागा दिसते तिथे बहुतेक वेळा कोणी पोचलेलं नसतं. कोहळ्यातही तेच, गड्ड्यावर पडलेला प्रत्येक कण आपली नळी काढतो आणि आतल्या एकेका बीजांडाकडे निघतो. कमी कण पडले तर कमी बिया, आणि कमी बिया म्हणजे फळ लहान नाहीतर एका अंगानं चेपलेलं, कारण फळ वाढवायचा निरोप बियांकडून जातो.

त्या नळीबद्दल मला नेहमी आश्चर्य वाटतं. नेच्याच्या, शेवाळाच्या नरपेशी पाण्यात पोहत जातात, त्यांना शेपट्या असतात. फुलझाडांच्या नरपेशींना पोहता येत नाही, जिकडे नळी जाईल तिकडे त्या जातात. आणि त्या दोन असतात. एक बीजांडातल्या अंडपेशीला मिळते, त्यातून भ्रूण, म्हणजे पुढचं झाड. आणि दुसरी? दुसरी शेजारच्या मध्यपेशीला मिळते, जिच्यात आधीच दोन केंद्रकं असतात, आणि त्या तिघांचं मिळून जे बनतं ते कधीच झाड होत नाही, ते नुसतं अन्न होतं. एंडोस्पर्म, मराठी पुस्तकात भ्रूणपोष. ही दुसरी भेट 1898 पर्यंत कोणाच्या लक्षातच आली नव्हती, ती कीव्हमधे सर्गेई नवाशिननं लिलीच्या जातीतल्या झाडांमधे दाखवली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधे गिन्यारनंही. नरपेशीला काय काम तर अंडपेशीला मिळणं, एवढंच सगळे धरून चालले होते.

वर्गात मुलं हे पाठ करतात. सात पेशी आठ केंद्रकं, दुहेरी फलन, एक अधिक एक, एक अधिक दोन. दोन मार्कांचा प्रश्न. मी त्यांना म्हणते की सकाळी खाल्लेली पोळी आठवा. गव्हाच्या दाण्यातला पांढरा भाग म्हणजे ती दुसरी भेट. भात तीच, ज्वारीची भाकर तीच. नारळ फोडला की आतून जे पाणी निघतं ते तेच, अजून पेशींच्या भिंती न पडलेलं पातळ भ्रूणपोष, आणि खोबरं म्हणजे तेच पुढे घट्ट झालेलं. माणसाचं बरंचसं जेवण ह्या दुसऱ्या भेटीवर चालू आहे, जिच्यातून मूल जन्मत नाही.

हे शिकवताना माझ्या मनात मोठ्याई येऊन गेलेली आहे, खोटं कशाला बोलू. आम्हा सात भावंडांना, चुलत-आत्ये धरून, तिनं जेवू घातलं, न्हाऊ घातलं, माझ्या परीक्षांच्या वेळी ती दोनदोन महिने इथे येऊन राहिली. कोणालाही ही तुलना पटकन सुचेल. पण मला ती करायची नाहीये. कारण भ्रूणपोष संपून जायलाच बनलेला असतो, कोहळ्याच्या बीत तर तो बी तयार व्हायच्या आतच सगळा खाल्ला जातो, आपण सोलून खातो तो मगज म्हणजे भ्रूणाचीच दोन जाड दलं. मोठ्याई काही आमच्यासाठी संपून जायला जन्मली नव्हती. तिला स्वतःला मूल हवं होतं. दुसऱ्यांची मुलं वाढवली म्हणून ते हवं असणं भरून निघालं असं आम्ही घरच्यांनीच ठरवून टाकलं, आम्हाला ते सोयीचं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी टेरेसवर पोचायच्या आधी मोठ्याई तिथे होती. नंतर ते काम तिनंच घेतलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका, आणि तिला सवयही होती हे तेव्हा कळलं. गावाजवळ संकरित कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असायचे, तिथे ती दोन हंगाम क्रॉसिंगच्या कामाला गेली होती. 1970 मधे सुरतेला सी. टी. पटेल ह्यांनी एच-4 हे कपाशीचं संकरित वाण काढलं, जगातलं पहिलं, व्यापारी लागवडीचं, आणि त्यानंतर हे काम गावोगाव आलं. कपाशीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, म्हणून संध्याकाळी उद्या उमलणारी कळी धरायची, नखानं तिच्यातले सगळे पुंकेसर काढून टाकायचे, खूण करायची, आणि सकाळी दुसऱ्या ओळीतलं, नर म्हणून लावलेल्या वाणाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. दिवसाला शेकडो फुलं. हे सगळं बायांनी आणि पोरींनी केलं, कारण बोटं बारीक लागतात आणि मजुरी कमी द्यावी लागते. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी मलईसारखं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, त्यावरून कालचं कोणतं आजचं कोणतं ते कळतं, हे मी पुस्तकात वाचलं आणि तिनं वाकून वाकून शिकलं.

"मंग मले तं माहीतच होतं ना हे," ती म्हणाली. "तिथं आमी त्याले नरच म्हणो. घरी आल्यावर कोहळ्याच्या फुलाले वांझ म्हणो. दोन्हीचं एकमेकाशी काही हाय असं मनातच नाही आलं."

संत्र्याची गोष्टही तिच्याशी बोलतानाच निघाली. आमच्या काटोल-नरखेड भागात संत्र्याशिवाय गोष्ट संपत नाही. झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, मग पाणी सोडलं की फुलांनी झाड पांढरं होतं, आंबिया बहार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत, मृग असेल तर पाऊस पडल्यावर, आणि त्या दिवसात अख्ख्या शिवारात तो वास. लहानपणी आम्ही संत्र्याच्या बिया डब्यात पेरायचो आणि एका बीतून दोन दोन, तीन तीन कोंब यायचे. हे सूक्ष्मदर्शकवाल्या डच लेव्हेनहूकनं 1719 मधेच बघितलं होतं. कारण असं की त्यातला बहुतेक वेळा एखादाच कोंब आईबापाचा असतो. बाकीचे भ्रूण बीजांडाच्या आत आईच्याच शरीराचा जो मऊ थर असतो त्यातून थेट उठतात, त्यात बापाचं काही नसतं, ती हुबेहूब आईच. पण गंमत बघा, तिथेसुद्धा साधारणपणे परागकण यावा लागतो, भ्रूणपोष तयार व्हावा लागतो, तेव्हाच ही आईची एकटीची लेकरं वाढतात.

रोपवाटिकेत ह्याच गोष्टीवर धंदा चालतो. संत्र्याचा डोळा ज्या खुंटावर बांधतात ती जंबेरी, लिंबाचीच एक जात, बियांपासून करतात, आणि रोपं सगळी एकसारखी येतात कारण ती आईची नक्कल असतात. मधेच एखादं वेगळं दिसलं, बारकं, पानं निराळी, तर उपटून फेकतात. मोठे बाबा वाफ्यात बसून तेच करायचे, आणि मी शेजारी उकिडवी बसून फेकलेली रोपं गोळा करायचे. शिकल्यावर कळलं की ती फेकलेली रोपं बरेचदा खरी दोघांची असतात. खुंटासाठी ती नको असतात हे बरोबरच आहे, एकसारखेपणा पाहिजे म्हणून, पण मला ती फेकताना अजूनही बघवत नाही.

टेरेसवर शेवटी चार कोहळी धरली. दसऱ्यानंतर पहिलं कापलं, कोहळ्याची गोड तळलेली बोंडं करायला. मोठ्याईनं सुरी मारली आणि आत केशरी, घट्ट, बियांनी गच्च. गाभा काढून तिनं पेपरवर बिया पसरल्या आणि मला म्हणाली, "ह्या साऱ्यायचा बाप एकच का?"

नाही म्हटलं. आपण त्या दिवशी दोन वेलांची दोन फुलं लावली होती. कोणती बी कोणाची ते बाहेरून सांगता येत नाही.

ती हसली. मग निवडायला बसली, भरलेल्या एकीकडे, पोचट एकीकडे. पोचट म्हणजे ज्यांच्यात दाणाच नाही, दोन बोटात दाबलं की चपट्या. मी सांगितलं की ह्यातल्या बऱ्याचशांपर्यंत नळी पोचलीच नसेल. तिनं एक पोचट बी उचलून उजेडाकडे धरली, आरपार उजेड दिसत होता.

"हिच्यात काही खोट नव्हती म्हणते तू."

"नव्हती."

तिनं ती पेपरवर परत ठेवली. तेवढ्यात खालच्या काकू बोंडांच्या वासानं वर डोकावल्या, त्यांना वाटीभर बोंडं दिली, आणि मोठ्याईनं भरलेल्या बियांमधल्या दहाबारा मोजून त्यांच्या हातावर ठेवल्या. म्हणाली, जूनमधे लावा, आणि पहिली फुलं येतील ती तोडू नका बरं का, बाप्या असतात ती.